उखळातला हात

ईशिता फोन बघत नव्हती. हे आधीच लिहून टाकतो. ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

लंडनमधल्या आमच्या ईलिंगच्या मंडळात गेलं वर्षभर एक गोष्ट फिरते आहे. श्यामला वहिनींच्या मुलीने फोनकडे बघता बघता आईच्या हातावर मोगरी घातली. संक्रांतीच्या हळदीकुंकवात ही गोष्ट सांगून झाली, पाडव्याला सांगून झाली. गणपतीत प्रसादाच्या रांगेत पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं भेटलं. त्यांना अजून बसचा नंबर माहीत नव्हता, पण ही गोष्ट माहीत होती. सांगणाऱ्यांपैकी एकानेही कधी उखळात हात घातलेला नाही किंवा मोगरी उचललेली नाही. मी मोगरी बरीच वर्षं चालवली आहे, आणि त्या दिवशी मी तिथेच होतो. म्हणून लिहितो.

मी रघुवीर. माझं सगळं आयुष्य कौन्सिलच्या रस्त्यांवर फरशा बसवण्यात गेलं. वहिनींचा नवरा विनय माझ्याच गँगमध्ये होता. त्याने बसवलेली फरशी कधी डुगडुगली नाही. यापेक्षा मोठी तारीफ मला करता येत नाही. तो गेला तेव्हा ईशिता प्रायमरी शाळेत होती. सगळे वहिनींना म्हणाले, भारतात परत जा. वेस्ट अ‍ॅक्टनला एका जपानी बाईंचं मिठाईचं छोटं दुकान आहे, तिथे वहिनी भांडी घासायला लागल्या.

त्या भागात जपानी कुटुंबं खूप आहेत. त्यांच्या सणांची मिठाई दुकानाच्या मालकीण ओकुदा बाई करतात. त्या आता खूप म्हाताऱ्या आहेत आणि तेव्हाही तरुण नव्हत्या. बोलणं कमी. चूक झाली की भांडं उलटं करून सिंकमध्ये ओततात, एवढंच. माझ्या मते शिकवायची ही चांगली पद्धत आहे.

पद्माकर आमच्याच वयाचा, पोस्टात सॉर्टिंगला होता. त्याला विनोद करायची सवय आहे. तांदूळ कुटून केलेल्या गोळ्याला जपानी लोक मोची म्हणतात हे त्याला कळलं आणि त्याला दिवाळी झाली. भर मंडळात तो म्हणाला, "काय वहिनी, मोच्याकडे कामाला लागलात म्हणे?"

वहिनी म्हणाल्या, "हो. तुमची जीभ फाटलेली दिसते. घेऊन या, टाका घालून देते."

श्यामला वहिनी गोड स्वभावाच्या नाहीत. मिठाई करणारी बाई हसरी असावी असं लोकांना वाटतं. गिऱ्हाइकाने आंबट चेहऱ्याच्या बाईकडून गोड का घेऊ नये, हे मला समजलेलं नाही. त्या रागीट आहेत. बस चुकली तर बसवर रागावतात. पुरण खाली लागलं तर स्वतःवर रागावतात, आणि तो राग संध्याकाळपर्यंत टिकतो. पण त्यांच्या हातचं पुरण सहसा लागत नाही.

पुरण म्हणजे लाल चवळीसारख्या दाण्यांचं. उकळायचं, पहिलं पाणी फेकायचं, परत शिजवायचं, चाळणीतून काढायचं, फडक्यात पिळायचं, साखर घालून आटवायचं. ओकुदा बाईंनी त्यांना हे शिकवायला घेतलं तेव्हा वहिनींनी आटत आलेल्या पुरणात उलथनं उभं करून बघितलं. ते उभं राहिलं. ओकुदा बाई बराच वेळ त्या उलथन्याकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशीपासून भांडी घासायला दुसरं माणूस आलं.

पण सगळं असं जुळलं नाही. शरद ऋतूत, दिवस आणि रात्र सारखे होतात त्या आठवड्यात, जपानी लोक पितरांसाठी ओहागी करतात. आत भाताचा गोळा, बाहेर पुरण. आपली पुरणपोळी उलटी केल्यासारखं. तो आठवडा बहुतेक वेळा आपल्या पितृपक्षाच्या आसपास येतो. वहिनींना वाटलं, हे पितरांचं आहे म्हणजे नैवेद्य आहे. नैवेद्य कोणी चाखतं का? त्यांनी चाखला नाही. पुरणात मीठ घालायचं राहून गेलं होतं, चिमूटभरच असतं, पण त्याच्याशिवाय गोड बसत नाही. सगळे खोके गेले. गिऱ्हाइकांचे फोन आले. ओकुदा बाईंनी विचारलं, चाखलं का नाही? वहिनी म्हणाल्या, देवाआधी मी कशी खाऊ? ओकुदा बाईंनी डोकं हलवलं आणि सांगितलं, मेलेल्यांना अळणी घालणं हा मोठा अपमान आहे. वहिनी घरी येऊन रडल्या, मग रागावल्या, आणि पुढच्या वर्षीपासून चमचा हातात धरून उभ्या राहायला लागल्या. पहिली चांगली ओहागी त्यांनी विनयच्या फोटोसमोर ठेवली. त्या म्हणाल्या, "त्यांना गोड आवडायचं नाही. पण हे खाल्लं असतं."

मग वर्षाचं चक्र त्यांच्या हातात बसलं. मार्चअखेर गुलाबी भाताचा गोळा, चेरीच्या खारवलेल्या पानात. ते पान खायचं. मे महिन्यात मुलांच्या सणाला ओकच्या पानातला गोळा. ते पान खायचं नाही, आपल्या पातोळ्यांचं हळदीचं पान सोडतो तसं सोडायचं. ओकचं जुनं पान नवं आल्याशिवाय गळत नाही, म्हणून घराणं चालावं यासाठी ते पान. पौर्णिमेच्या चंद्राला पांढरे गोळे, ढीग रचून. वहिनी हे मला सांगायच्या ते माहिती म्हणून नाही. कुठल्या गिऱ्हाइकाने ओकचं पान खाल्लं, कोणी चेरीचं फेकलं, त्यावर त्या चिडलेल्या असायच्या.

आणि डिसेंबरात मोची.

दुकानामागे अंगण आहे. तिथे लाकडी उखळ आहे, ओंडका पोखरून केलेलं. डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला तिथे मोची कुटतात. एकोणतीसला कुटत नाहीत, कारण त्यांच्या भाषेत नऊ म्हणजे दुःखासारखं ऐकू येतं. एकतीसला नाही, कारण शेवटच्या दिवशी घाईत केलेलं देवाला देत नाहीत. रात्रभर भिजवलेला चिकट तांदूळ वाफवतात, गरम गरम उखळात ओततात, मोगरीने आधी रगडतात आणि मग कुटतात. मोगरी पाण्यात भिजलेली हवी. घाव मधोमध पडला पाहिजे. कडेला पडला तर लाकडाचा तुकडा उडतो आणि गोळ्यात जातो.

पण खरं काम मोगरीवाल्याचं नाही. मोगरीवाला बैल असला तरी चालेल. खरं काम खाली बसलेल्याचं. मोगरी वर गेली की ओला हात आत घालायचा, गोळा दुमडून मधे आणायचा, हात बाहेर काढायचा. मग मोगरी येते. परत वर, परत हात. गोळा निखाऱ्यासारखा गरम असतो. हा हात आधी ओकुदा बाईंचा होता. त्यांचं मनगट गेलं तेव्हा वहिनी बसल्या. ओकुदांचा मुलगा मँचेस्टरला नोकरीला गेला तेव्हा मोगरी माझ्याकडे आली.

पहिल्या वर्षी वहिनींनी मला उभं करून सांगितलं, "भाऊजी, मी हाय म्हणेन. हाय म्हणजे जपानीत हो, मारा. तेवढंच ऐकायचं. मी दुसरं काहीही म्हटलं, शिंकले, ओरडले, तुमचं नाव घेतलं, तरी मोगरी वरच."

मी म्हटलं, मराठीत सांगितलं तर काय बिघडेल?

त्या म्हणाल्या, "मराठीत मी खूप बोलते. हाय एकदाच बोलते. उखळापाशी हाय सोडून काही बोलायचं नाही, मीसुद्धा."

हा नियम त्या सगळ्या वर्षांत मोडला नाही. माझ्या मोगरीखाली वहिनींच्या तोंडून मराठी शब्द कधी निघाला नाही.

मग माझा खांदा गेला. फरशांचं वजन तिथे साठलं होतं, ते एकदम बाहेर आलं. हात डोक्याच्या वर जाईना. ईशिता म्हणाली, "मी करते." ती कार्डिफला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. आधी तिने माझा खांदा तपासला आणि मला चार व्यायाम दिले, मग मी तिला मोगरी दिली. उन्हाळाभर ती शनिवारी कार्डिफहून ट्रेनने यायची. माझ्या मागच्या बागेत गाडीचा जुना टायर ठेवला होता आणि त्यावर खडूने फुली. सुरुवातीला ती खांद्याने मारायची, मी कमरेने मारायला लावलं. पोटऱ्या दुखेपर्यंत. मी सहजासहजी कोणाचं काम मान्य करत नाही. ऑगस्टअखेर मी तिला सांगितलं, आता बरं आहे. हे मी ज्याच्या त्याच्याबद्दल म्हणत नाही.

ती वेंधळी नाही. ती निष्काळजी नाही. हे मी टायरसमोर उभं राहून बघितलेलं आहे.

आता अठ्ठावीस तारीख.

अंगणात गर्दी होती. एका कोपऱ्यात तांदळाचं गरम गोड पेय उकळत होतं, त्याला अमाझाके म्हणतात. दारूसारखं वाटतं, दारू नसते. पद्माकर तिथे उभा होता, आणि त्यात दारू नाही हे त्याला अजून पटलेलं नव्हतं. मी गॅसच्या शेगडीपाशी होतो, वाफेच्या टोपल्यांवर. शेगडीचा घोंगाट मोठा असतो. शिवाय लोक घाव मोजायला लागले, मोठ्याने, इंग्रजीत, जत्रेत मोजतात तसे. मला ते आवडलं नाही. पण थांबवणार कोणाला?

पहिला घाणा उत्तम झाला. त्याचे दोन गोळे करून, मोठ्यावर छोटा ठेवून, वर पानासकट एक संत्रं, दुकानातल्या देवापुढे ठेवले. दुसरा घाणा उत्तम झाला. आई खाली, मुलगी वर. हाय, घाव. हाय, घाव. ओकुदा बाई खुर्चीवर बसून मान हलवत होत्या. मी वळून दोन-तीनदा बघितलं. मला वाटलं होतं की मला हेवा वाटेल. वाटला नाही.

तिसऱ्या घाण्यात मधे केव्हातरी लाकडाची एक ढलपी गोळ्यात गेली. वहिनींना ती दिसली. हात बाहेर येत होता, तो परत आत गेला. त्या काहीतरी म्हणाल्या. मोगरी आली.

वहिनी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. जे ऐकलं नाही ते मी सांगणार नाही. मी वळलो तेव्हा लोक अजून मोजत होते. एक आकडा जास्तच मोजला त्यांनी.

उजव्या हाताची मधली दोन बोटं. ईशिताने मोगरी टाकली, आईचा हात बर्फात घातला, बोटं कशी धरायची ते तिला माहीत होतं, तशी धरली, आणि दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढून अँब्युलन्सला लावला. त्या क्षणी पद्माकरने पेल्यातून तोंड वर काढलं. त्याला काय दिसलं? आईचा हात मोडलेला आणि मुलीच्या हातात फोन. तेवढ्यावर त्याने गोष्ट तयार केली. गोष्ट तयार करायला त्याला अमाझाकेचा पेला रिकामा करण्यापेक्षाही कमी वेळ लागला.

हॉस्पिटलात बोटांत तारा घातल्या. वहिनी घरी आल्या. ईशिताने रजा घेतली आणि आईपाशी राहिली. मी रोज जायचो. त्या घरात दोन बायका होत्या आणि आवाज फक्त किटलीचा.

वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. हाताबद्दल एक शब्द नाही. त्या म्हणाल्या, "मी तिला नाही म्हटलं होतं. अंहं म्हटलं, स्पष्ट. चूक होते, भाऊजी, मोगरी आहे, होते चूक. पण ती मला तोंडावर सांगते की मी हं म्हटलं. माझी मुलगी खोटं बोलते."

ईशिता मला बाहेर गेटपाशी भेटली. तिचं मराठी घसरतं, रडताना जास्तच. "काका, माझा चूक नव्हता. म्हणजे होता, मी मारलं. पण आई हं म्हणाली. मी ऐकलं. आता ती म्हणते नाही म्हणाली. ती सगळ्यांना तेच सांगेल. व्हाय वुड शी लाय?"

दोघी मला साक्षीला बोलावत होत्या आणि माझ्याकडे साक्ष नव्हती. शेगडीचा आवाज होता, बास. मला राग आला. वहिनींचा आला, कारण नियम त्यांनीच केला होता की हाय सोडून काही बोलायचं नाही. ईशिताचा आला, कारण हाय सोडून काहीही ऐकू आलं तरी मोगरी वरच ठेवायची, हे मी तिला टायरवर शिकवलं होतं. नियम दोघींनी मोडला होता, हे दोघींना समजत होतं, आणि त्याचं दोघींना काही वाटत नव्हतं. दोघींना दुसऱ्याच गोष्टीचं लागलं होतं. हाडं जुळतात. पण आईला वाटतं मुलगी खोटारडी, मुलीला वाटतं आई खोटारडी, आणि रजा संपल्यावर मुलगी कार्डिफला निघून जाणार. मग ते कायमचं तसंच राहणार. वहिनींचा राग टिकाऊ आहे, आणि मुलीने तो उचललेला आहे.

मधल्या एका रविवारी पद्माकर मंडळाच्या हॉलमध्ये फोनची गोष्ट सांगत होता. मी त्याला विचारलं, तू पाहिलंस का? तो म्हणाला, अरे सगळेच म्हणतात. मी म्हटलं, सगळ्यांना कोणी सांगितलं? तो म्हणाला, आजकालची पोरं अशीच, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं, आणि तसंही परक्यांच्या सणासाठी हात मोडून घ्यायची वहिनींना काय हौस होती. मी त्याला जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. खुर्च्या लावणारे लोक थांबून ऐकत होते, एवढं सांगतो.

परक्यांचा सण. ज्या बाईने त्या सणाच्या पुरणावर मुलीला शिकवलं, नवऱ्याच्या फोटोला त्याचा नैवेद्य दाखवला, तिच्यासाठी तो परक्यांचा कसा?

जानेवारीच्या अकरा तारखेला देवापुढची मोची काढतात. तोवर ती दगडासारखी वाळलेली असते, भेगा पडलेल्या असतात. तिला सुरी लावायची नाही. हातोडीने तुकडे करायचे आणि गोड पुरणाच्या पातळ सारात शिजवून सगळ्यांनी खायचे. आणि तुकडे केले असंही म्हणायचं नाही. ते म्हणतात, उघडली. ओकुदा बाईंनी हे सांगितलं तेव्हा वहिनींना लगेच कळलं होतं. आपण नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. तेव्हापासून आमच्या तोंडी तोच शब्द बसला. मोची वाढवायची.

त्या दिवशी दुपारी मी गेलो. हातोडी मी मारायची असं ठरलं होतं. छातीइतक्या उंचीवरून मारायला माझा खांदा पुरतो. ईशिता आईला गाडीतून घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी ती परत जाणार होती. तिची बॅग गाडीतच होती, ते मी पाहिलं.

दुकानाचं स्वयंपाकघर लांबट आहे. एका टोकाला शेगडी, तिच्यावर धूर ओढणारा मोठा पंखा, जुना, विमानासारखा वाजणारा. दुसऱ्या टोकाला टेबल. वहिनी टेबलापाशी पाठ करून उभ्या होत्या. डाव्या हाताने ब्रश धरून वाळलेल्या मोचीवरची बुरशी काढत होत्या. उजवा हात पट्टीत. मी त्यांच्या शेजारी. ओकुदा बाई मधे स्टुलावर. ईशिता शेगडीवर सार ढवळत होती.

तिने चाखलं आणि तिकडून विचारलं, "आई, अजून साखर घालू?"

वहिनी मागे न वळता म्हणाल्या, "अंहं."

मला स्वच्छ ऐकू आलं. मी हातभर अंतरावर होतो.

डब्यात साखरेचा डाव घासल्याचा आवाज आला. वहिनी गर्रकन वळल्या. ईशिताने डाव पातेल्यात रिकामा केला होता.

"नको म्हटलं ना मी?"

"तू हं म्हणालीस."

हेच शब्द, याच क्रमाने, मी त्या घरात कित्येकदा ऐकले होते. या वेळी मात्र पंखा वाजत होता. ओकुदा बाईंना मराठी येत नाही. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, उठल्या आणि पंखा बंद केला.

वहिनींचा चेहरा मी सांगत बसत नाही. त्यांनी पंखा परत लावला आणि त्या टेबलापाशी जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "परत विचार."

"काय?"

"साखर. तशीच विचार. पातेल्याकडे तोंड करून."

ईशिता वळली. विचारलं. तोवर मी शेगडीपाशी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो होतो. फरशी बसली की नाही हे लांबून कळत नाही, तिच्यावर उभं राहावं लागतं. टेबलापाशी वहिनींचे ओठ मला दिसले नाहीत, पाठ होती. पंख्यातून माझ्यापर्यंत आलं ते एवढंच: हं.

अंहंचा आधीचा अर्धा भाग वहिनी नाकात म्हणतात. तो पंख्याने खाल्ला. अंगणात तो शेगडीने आणि मोजणाऱ्यांनी खाल्ला होता.

मी म्हटलं, "हं ऐकू आलं, वहिनी."

त्या म्हणाल्या, "आणखी एकदा." आम्ही आणखी एकदा केलं. हं.

वहिनी खुर्चीवर बसल्या. मग त्या ईशिताला म्हणाल्या, आणि आवाज रागीटच होता, "तुझ्या जागी रघुभाऊजी असते तर मी हाय सोडून काही बोलले नसते. तोंडातून निघालंच नसतं. तू होतीस म्हणून निघालं."

ईशिता म्हणाली, "काका असते तर हं ऐकून मारलं नसतं. मला वाटलं, तू म्हणतेस ना, हं म्हणजे चल. लहानपणापासून."

माफी कोणीच मागितली नाही. मला ते बरं वाटलं. माफी मागितली असती तर पुन्हा कोणाची चूक हे ठरवावं लागलं असतं.

वहिनी उठल्या. वाळलेली मोची पाटावर ठेवली. ती गोल असते, घसरते, कोणीतरी धरावी लागते. त्यांनी डावा हात, चांगला हात, तिच्यावर ठेवला. मी हातोडी उचलली.

"तिला द्या," वहिनी म्हणाल्या.

ईशिता मागे सरकली. "नको आई. प्लीज. मला नाही जमणार."

"जमेल की नाही ते मी विचारलं का तुला?"

ईशिताने हातोडी घेतली. पाय फाकवून उभी राहिली, टायरसमोर शिकवलं तशी. हातोडी वर गेली आणि तिथेच थांबली. वहिनींचा हात मोचीवर होता तिथेच होता. ओकुदा बाईंनी या वेळी पंखा बंद केला नाही, आणि मीही केला नाही.

वहिनी म्हणाल्या, "हाय."

घाव भेगेवर पडला. मोची वाढली. मोठे चार तुकडे झाले, एक घरंगळत सिंकखाली गेला, तो मी वाकून काढला.

सार फार गोड झालं होतं. ओकुदा बाईंनी तसं सांगितलंही. तरी पातेलं रिकामं झालं. ईशिता दुसऱ्या दिवशी कार्डिफला गेली आणि पुढच्या शनिवारी परत आली.

वहिनींची दोन बोटं आता पुरती मिटत नाहीत. उखळात उलटापालट करायला ती बोटं लागतात, त्यामुळे तो हात आता जाणार नाही. मोगरी धरायला बाकीची पुरतात. येत्या अठ्ठावीस तारखेला खाली ईशिता बसणार आहे आणि मोगरी वहिनी घेणार आहेत. माझ्या बागेतल्या टायरवर त्या उन्हाळाभर मारत होत्या. त्यांचा घाव अजून किंचित डावीकडे जातो. मी तसं सांगितलं तर रागावतात. तरी सांगतो. फुलीवर पडला नाही तर मी मोगरी देणार नाही, हेही सांगितलं आहे.

ज्यांना फोनची गोष्ट सांगायची सवय लागली आहे त्यांनी या वेळी यावं. पद्माकरनेही यावं, आणि तोंड उखळाकडे करून उभं राहावं. अंगणात कोणी मोजायचं नाही. कोणी बोलायचं नाही. शब्द एकच असेल, आणि तो ईशिता म्हणेल.